फुकटचा वकील खरंच मिळतो का? साडेतीन स्टार, जरा सविस्तर लिहितोय

आजपर्यंत मी दोनच रिव्ह्यू लिहिलेत, एक मिक्सरचा आणि एक बुटाचा. हा तिसरा, आणि तो सरकारी मोफत वकिलाच्या सेवेचा आहे. कारण मी स्वतः रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर शोधत होतो तेव्हा सगळीकडे नुसती कलमं सापडायची, पण कुठल्या जिन्यानं वर जायचं, कुठले कागद न्यायचे, किती चकरा होतात हे मराठीत एकानं धड लिहिलेलं नव्हतं.

तर झालं असं. माझा मावसभाऊ, घरात त्याला बारक्या म्हणतात, वय २३. मावशीचं सासर इंडी तालुक्यात, म्हणजे राज्य कर्नाटक पण बाजार, दवाखाना, लग्नाचं कापडचोपड सगळं सोलापूरला. बारक्या तीन वर्षांपासून इथं अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात हेल्पर, मी तिथंच कटिंगला. डिसेंबरात शेजारच्या एका गोडाऊनमधून तांब्याची वायर गेली आणि तिघांना उचललं, त्यात हा. चोरी केली का नाही केली हे मी इथं लिहिणार नाही, केस चालू आहे, आणि खरं सांगू का, माझ्या रिव्ह्यूचा त्याच्याशी काही संबंधच नाही. हे मला पण आधी समजत नव्हतं हां. मी पण असलाच, कुणी आत गेला म्हटलं की मनात यायचं, काहीतरी केलं असणार की, उगाच कोण नेतंय.

पण कोर्टात गुन्हा साबित होईपर्यंत आतला माणूस कच्चा कैदी असतो, कागदावर त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात. २०२२ ची सरकारी आकडेवारी बघितली तर देशातल्या सगळ्या तुरुंगांत मिळून ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्ची. चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत. आणि तुरुंगं भरलीत किती, तर १०० च्या जागेत १३१. सोलापूरच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर असते तसली गर्दी, पण चोवीस तास आणि संडासाला पण लाईन.

पहिला वकील आम्ही खाजगी केला. नाव लिहीत नाही, लिहून काय उपयोग. १५ हजार घेतले, मावशीनं बोरमाळ गहाण ठेवली त्याच्यासाठी. जामीन करून दिला हे मान्य करतो, जानेवारीत, गड्डा यात्रा चालू होती तेव्हाच बेल झाली. आम्ही पेढे वाटले. मावशीनं सिद्धेश्वराला नारळ फोडला. आणि दुसऱ्या दिवशी वकील म्हणतो, बेल झाली ओ, पण आता जामीनदार आणा, २५ हजाराचा, आणि लोकल पाहिजे.

बेल झाली म्हणजे माणूस बाहेर आला असं आम्हाला वाटलं होतं. तुम्हाला पण तसंच वाटत असेल तर हे नीट वाचा. बेलची ऑर्डर म्हणजे दाराची एक किल्ली. दुसरी किल्ली जामीनदाराच्या खिशात असते, आणि जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर काहीतरी आहे असा माणूस. सातबारा, घरपट्टीची पावती, नाहीतर पगाराची स्लिप. माझं बघा, मी भाड्याच्या खोलीत राहतो, पगार हातात रोख मिळतो, स्लिप वगैरे आमच्या कारखान्यात कुणी बघितलेली पण नाही. मालकाला विचारलं, ते म्हणाले बघतो आणि मग चार दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. एका मित्राचे वडील तयार झाले, स्वतःचं घर, घरपट्टी भरलेली, सगळं ओके, आदल्या रात्री त्यांच्या पोरांनी घरात राडा केला आणि सकाळी फोन बंद. मी त्यांना दोष देत नाही. पोरगं तारखेला आलं नाही तर पैसे भरायचे त्यांनी, कोण कशाला गळ्यात घोंगडं घेईल.

मग मावशी आली. प्लास्टिकच्या पिशवीत दोन एकराची पहाणी घेऊन, आपल्याकडचा सातबारा तसा तिकडं पहाणी असते. पहाटेची एसटी पकडून आली, पिशवी छातीशी धरून. कोर्टातल्या टेबलावरच्या माणसानं कागद उलटा धरला, सुलटा धरला, म्हणाला हे कर्नाटकचं आहे, कन्नडमध्ये आहे, चालत नाही. मावशी म्हणाली, अरे जमीन तर तीच काळी आहे की रे. त्यावर कोण काय बोलणार. परत पिशवीत घातला आणि स्टँडवर जाऊन बसली.

आणि हो, कोर्टाच्या बाहेर चहाच्या टपरीवर एक जण भेटला, जामीनदार रेडी आहे म्हणाला, ६ हजार, संध्याकाळपर्यंत पोरगं बाहेर. मी जवळजवळ दिलेच होते पैसे. शेजारच्या बाकड्यावरचा एक म्हातारा हळूच म्हणाला, त्या भानगडीत पडू नको बे, कागद खोटे निघाले तर पोरगं एका केसमधून सुटलं आणि तू दुसऱ्यात आत. थँक्यू बाबा, तुम्ही कोण होता माहीत नाही.

परत वकिलाकडं गेलो तर त्यांनी मला जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. म्हणाले, काळजी करू नका, नवीन कायद्यात पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की सोडतात, चोरीला तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष थांबा, आपोआप येतंय बाहेर. मी मान हलवून आलो पण! कायद्याचं नाव घेऊन बोलले म्हटल्यावर मला वाटलं बरोबरच असणार. एक वर्ष. बेल झालेल्या पोरानं एक वर्ष थांबायचं, कारण त्याच्या मावसभावाच्या नावावर खोली नाही.

मार्चच्या शेवटाला मी ऑर्डरची झेरॉक्स काढायला कोर्टाजवळ गेलो होतो. झेरॉक्सवाला रोज शंभर ऑर्डरी काढणारा, त्यानं माझा कागद बघितला आणि म्हणाला, जानेवारीची बेल आणि अजून आतच हाय? फुकटचा वकील का नाही घेतला बे, आत असलेल्याला मिळतोय की. मी म्हटलं आमची परिस्थिती बेताची आहे पण बीपीएल कार्ड नाही. तो म्हणाला, कार्डाचं काय करूलालास, आत हाय ना, बस. इथून माझा खरा रिव्ह्यू सुरू होतो.

प्रत्येक जिल्हा कोर्टात विधी सेवेचं ऑफिस असतं. १९८७ चा कायदा आहे, लागू झाला १९९५ ला, आणि त्याच्या कलम १२ मध्ये कुणाकुणाला फुकट वकील द्यायचा याची यादी आहे. बायका, लहान मुलं, एससी-एसटी, अपंग, कारखान्यातले कामगार, आणि कस्टडीत असलेला कुठलाही माणूस. कुठलाही म्हणजे कुठलाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्याच्या मागं घटनेचं कलम ३९-अ आहे असं मला नंतर तिथल्याच वकिलांनी सांगितलं, ते १९७६ मध्ये घातलेलं आहे. फोन करायचा असेल तर १५१०० नंबर आहे, मी तो पण लावून बघितला, लागला, जवळच्या ऑफिसात जायला सांगितलं.

गुन्ह्याच्या केससाठी २०२२ च्या योजनेतून आता पगारी, फुलटाइम वकील ठेवलेत, मराठीत लोक अभिरक्षक म्हणतात. नाव ऐकून मला किल्लेदार वगैरे आठवला. पण योजना चांगली आहे, कारण पूर्वी हे काम फक्त पॅनलवरचे, म्हणजे विधी सेवेच्या यादीतले वकील आपली प्रॅक्टिस सांभाळून करायचे, आता यांचं कामच हे. लक्षात ठेवा, हे आरोपीची बाजू घेणारे वकील. तुम्ही फिर्यादी असाल तर तुमच्यासाठी पॅनलचे वेगळे.

पहिल्या चकरेत कागद काय लागले, तर बेलच्या ऑर्डरची झेरॉक्स, एफआयआरचा नंबर, माझं आधार आणि एक पानाचा अर्ज. अर्ज तिथंच लिहून घेतला. मी विचारलं फी किती, बाई हसल्या. टायपिंग? नाही. स्टॅम्प? नाही. झेरॉक्स मात्र मी आधीच काढून आणलेली, १४ रुपये, तेवढाच माझा खर्च धरा.

वकील तरुण होते, टेबलावर फायलींचा ढीग, ढिगावर पाण्याची बाटली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तुम्ही सोडून त्याला भेटलं कोण? म्हणजे आधीचे वकील जेलमध्ये जाऊन भेटलेत का? मी गप्प. साडेतीन महिन्यांत एकदा पण नाही. हे दुसऱ्याच आठवड्यात जाऊन आले, वकीलपत्रावर त्याची सही घेतली. येताना आणखी एक गोष्ट घेऊन आले, पोराच्या अंगावर खरूज उठली होती, हाताच्या बोटांच्या बेचक्यात, रात्रभर खाजवत बसायचा आणि मुलाकातीला काचेपलीकडून आम्हाला फक्त ‘बरा आहे’ म्हणायचा. त्यांनी तिथल्या डॉक्टरकडं अर्ज दिला, मलम मिळालं. औषधपाणी हा आतल्या माणसाचा हक्क आहे हे मला माहीत नव्हतं, मला वाटायचं देतील तर उपकार.

त्या एका दुपारी मी त्या वकिलांकडून जेवढं शिकलो तेवढं शाळेत नागरिकशास्त्रात दहा वर्षांत शिकलो नव्हतो. एक तृतीयांशवाली गोष्ट सांगितली तर त्यांनी कपाळाला हात लावला. ते कलम ४७९ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएसमधलं, म्हणजे फौजदारी केस कशी चालवायची त्याच्या नवीन कायद्यातलं. पहिल्यांदाच सापडलेल्याला एक तृतीयांश, बाकीच्यांना निम्मी शिक्षा आत काढली की सोडायचं, आणि त्यासाठी अर्ज कोर्टात पाठवणं हे जेलच्या सुपरिंटेंडेंटचं काम आहे. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्याला ते नाही, आणि एकाहून जास्त केस पेंडिंग असतील तरी अडचण. पण ते म्हणाले, हे ज्याला बेलच मिळाली नाही त्याच्यासाठी आहे ओ, तुमच्या पोराला बेल मिळालीय, तो कशाला वर्षभर बसेल.

आणि मग त्यांनी मला एक जुनी केस सांगितली. मध्य प्रदेशातला एक गवंडी, मोती राम. सुप्रीम कोर्टानं बेल दिली, खालच्या मॅजिस्ट्रेटनं १० हजाराचा जामीनदार मागितला. त्या काळात १० हजार म्हणजे विचार करा. त्याचा भाऊ जामीन राहायला आला तर त्याला नाकारलं, का, तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. गवंडी परत सुप्रीम कोर्टात. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे साफ चुकीचं ठरवलं आणि त्याला त्याच्या स्वतःच्या १ हजाराच्या बॉण्डवर, म्हणजे लेखी हमीवर सोडायला सांगितलं. गरिबाकडून न झेपणारा जामीनदार मागायचा आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून हाकलून द्यायचा, हे चालणार नाही. १९७८! माझा जन्म पण नव्हता. आणि आमची मावशी परवा परवा पहाणी घेऊन स्टँडवर बसली होती.

अजून ऐका. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं परत याच विषयावर सूचना दिल्यात. बेलची ऑर्डर झाली की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी तिची कॉपी ईमेलनं जेलमध्ये जायला पाहिजे, कैद्याला मिळायला पाहिजे. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर सुपरिंटेंडेंटनं विधी सेवेच्या सेक्रेटरीला कळवायचं, मग तिकडून वकील नाहीतर विधी स्वयंसेवक आत जाऊन बघणार का अडकलंय ते. महिन्याभरात बॉण्ड भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं. आणि लोकल जामीनदाराची अट घालू नये असं पण त्यात स्पष्ट आहे. मी बोटावर मोजलं, सात दिवस कधीच गेले, एक महिना गेला, दुसरा गेला. आमच्या पोराचं नाव त्या सात दिवसांच्या यादीत का आलं नाही हे मला कुणी सांगितलं नाही. मी पण फार विचारलं नाही, पोरगं अजून आत होतं, कुणाला नाराज करायची हिंमत नसते ओ तेव्हा.

हाच माझा या सगळ्या सेवेबद्दलचा मुद्दा आहे. हक्क आहे, वकील आहे, फी नाही, पण घंटी वाजवायला बाहेरचा कुणीतरी लागतो. ज्याचं बाहेर कुणीच नाही, परराज्यातला मजूर, भाषा येत नाही, घरच्यांना माहीत पण नाही पोरगं कुठं आहे, त्याच्यासाठी झेरॉक्सवाला कुठून येणार? नियमानं त्याची पण सोय आहे हां, जेलच्या आतच लीगल एड क्लिनिक असतं, स्वयंसेवक जातात, आणि जिल्हा न्यायाधीश, कलेक्टर, एसपी वगैरे मिळून कच्च्या कैद्यांच्या केसेस तपासणारी एक कमिटी पण असते. बारक्याला विचारलं, तुला माहीत होतं का क्लिनिकचं. म्हणाला, बोर्ड बघितला होता, मला वाटलं दवाखाना आहे. क्लिनिक लिहिलंय म्हटल्यावर दुसरं काय वाटणार त्याला! यासाठी माझा अर्धा स्टार कट. नाव मराठीत लिहा की ‘फुकट वकील’, एवढंच.

दुसरा अर्धा स्टार तारखांसाठी. अर्जावर सुनावणी कधी हे मला दोनदा स्वतः जाऊन विचारावं लागलं, साडी बुक केली तरी चार मेसेज येतात, इथं एक पण नाही. आणि एका चकरेला माझा हाफ डे जातो, ३५० रुपये कट. फुकट वकील पूर्ण फुकट पडत नाही, रोजंदारीवाल्यानं हे धरून चालावं.

बसायच्या जागेचा पण अर्धा स्टार गेला, म्हणजे झाले ना साडेतीन. बाकडी दोन आणि माणसं तीस, एप्रिलचा सोलापूर, पंखा फिरतोय का वारा मागतोय कळत नाही. पण त्या बाकड्यावरच मला एक आजी भेटली, तिच्याबद्दल लिहायचंच आहे. ती सेटलमेंटची. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो, इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून आख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, तीच ही सेटलमेंट. कायदा १९५२ ला गेला, वस्तीचं नाव मात्र राहिलं. आजीचा नातू आत होता. म्हणाली, शहरात कुठं पण चोरी झाली की आधी आमच्याच दारात गाडी येती बाळा, पत्ता बघूनच नेतात. हे सांगताना तिचा आवाज पण चढला नाही, सवयच झालेली.

मी वकिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल आहे, सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर. बऱ्याच राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये अजून लिहिलेलं होतं कुठल्या जातीच्या कैद्यानं झाडू मारायचा आणि कुणी स्वयंपाक करायचा, आणि भटक्या-विमुक्तांना सराईत गुन्हेगार धरायचं. सुप्रीम कोर्टानं ते सगळं रद्द केलं, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना पण काढून टाका म्हणाले. म्हणजे घटना लागू होऊन ७४ वर्षं झाल्यावर! आजीला मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग नातू कधी येतोय?

आमचा अर्ज असा होता, लोकल जामीनदाराची अट काढावी, आणि स्वतःच्या बॉण्डवर, म्हणजे पीआर बॉण्डवर सोडावं, नाहीतर थोडी कॅश भरून घ्यावी. सरकारी वकिलांनी विरोध केला, दुसऱ्या राज्यातला आहे, पळून जाईल. आमच्या वकिलांनी तीन वर्षांचं भाड्याचं करारपत्र, कारखान्याचं ओळखपत्र, मावशीची पहाणी (हो तीच, भाषांतर करून लावली) आणि २०२३ च्या सूचना पुढं ठेवल्या. आठ-दहा मिनिटांत झालं सगळं. मी मागं उभा होतो, निम्मं ऐकूच आलं नाही. बाहेर आल्यावर कळलं, १५ हजाराचा पीआर बॉण्ड आणि ५ हजार कॅश, जामीनदार नको. ५ हजार माझ्या भिशीतून काढले, केस संपल्यावर परत मिळतात. तेवढे पण नसते तर? त्याची पण योजना आहे म्हणे, केंद्र सरकारची २०२३ ची, गरीब कैद्यासाठी, २०२३ ला ठरलं तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनाला ४० हजारांपर्यंत आणि पक्क्याचा दंड भरायला २५ हजारांपर्यंत होते, जिल्ह्याची कमिटी ठरवते. काही मोठे गुन्हे त्यातून वगळलेत. आम्हाला गरज पडली नाही.

अर्ज दिल्यापासून १९ व्या दिवशी सुटकेचा कागद निघाला. खाजगीत अडीच महिन्यांत जे झालं नाही ते १९ दिवसांत.

सुटायचा दिवस मात्र डोक्याला ताप. कागद पोचायला संध्याकाळ झाली, बंदी झाली होती, म्हणजे आतली मोजणी होऊन बरॅकला कुलूप लागलं होतं, उद्या सकाळी या म्हणाले. मावशी दुपारपासून गेटसमोर झाडाखाली, फडक्यात धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून. याआधी एकदा चटणी गेटवरून परत दिली होती, आत चालत नाही म्हणून, तेव्हापासून तिचा हट्ट होता की बाहेर आल्या आल्या पहिला घास तोच. उद्यावर गेलं म्हटल्यावर मला वाटलं आता ही रडणार. ती म्हणाली, धपाटे राहतात की दोन दिवस, आणि पदर डोक्याखाली घेऊन तिथंच आडवी झाली. सकाळी साडेसातला आला बाहेर. वजन कमी झालेलं, केस बारीक, अंगावर डिसेंबरात नेलेला स्वेटर, आणि बाहेर ऊन असलं की डांबर वितळतंय.

येताना गाडी चार हुतात्मा पुतळ्यावरून घेतली. ते चौघं सोलापूरचेच, मार्शल लॉच्या, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी राजवटीच्या वेळचे, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. दर वर्षी आपण हार घालतो. तुरुंगात गेलेल्या माणसाचा हार घालून मान करणारं हे गाव, आणि याच गावात बारक्या आल्यावर गल्लीतल्या दोन घरांनी दारं लावून घेतली. असो.

आतलं तो जास्त बोलत नाही. एक मात्र त्यानं हसून सांगितलं, की बरॅकमध्ये एक जण होता जो सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायचा, एका अर्जाला दोन बिड्या. मी वकिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, कमी समजू नका त्याला, सुनील बात्रा नावाच्या कैद्यानं तिहारमधून दुसऱ्या कैद्याला झालेल्या मारहाणीबद्दल साधी चिठ्ठी लिहिली होती न्यायमूर्तींना, सुप्रीम कोर्टानं ती चिठ्ठीच याचिका म्हणून घेतली आणि १९७९ च्या डिसेंबरात निकाल दिला, कैद्याचे हक्क जेलच्या गेटवर संपत नाहीत. त्यामुळं आत कुणी असेल तर त्याला सांगा, कोर्टासमोर नेलं किंवा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर कोर्टापुढं उभं केलं की बोल, खरूज झाली तरी बोल, वकील नाही तरी बोल. आमचा चार वेळा व्हीसीवर उभा राहिला आणि चारही वेळा ‘काही तक्रार नाही’ म्हणाला, कारण शेजारच्यानं सांगितलं होतं तसंच म्हणायचं असतं.

आणि ज्यांची बेल अजून झालीच नाही त्यांनी कॅलेंडरवर खुणा करा. आमच्यासारख्या गुन्ह्यात अटकेनंतर ६० दिवसांत चार्जशीट आलं नाही, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि वरच्या शिक्षेचे गुन्हे असतील तर ९० दिवसांत आलं नाही, की जामीन मागता येतो, पण मागावा लागतो, आणि चार्जशीट यायच्या आधी. आमचं ५० च्या आसपास आलं होतं, तो रस्ता बंदच होता.

केस अजून चालू आहे. तेच वकील बघतात, फी अजून पण शून्य. एका साक्षीदाराचा पत्ता नाही म्हणून तारखा पडतायत, तारखेला मीच गाडीवर सोडतो, कारण तो गैरहजर राहिला तर सगळं परत पहिल्यापासून. दिवाळीत वकिलांना शेंगा चटणीचं अर्धा किलोचं पाकीट घेऊन गेलो तर त्यांनी परत दिलं, नियमात बसत नाही म्हणाले. पाकीट आम्ही बाहेर झेरॉक्सवाल्याला दिलं, त्यानं लगेच फोडलं.

मावशीला मात्र अजून पटलेलं नाही. तिला वाटतं मी गुपचूप पैसे भरलेत आणि तिला वाईट वाटू नये म्हणून सरकारचं नाव सांगतोय. दर फोनला विचारते, खरं सांग रे, वकिलाचे किती झाले? मी शंभर वेळा सांगितलं, शपथ घेतली, त्या वकिलांशी फोनवर बोलणं पण करून दिलं. ती हो हो म्हणते आणि महिन्याला इंडीच्या एसटीत ज्वारीचं पोतं टाकून देते, कंडक्टर ओळखीचा आहे. दोन वेळा परत पाठवलं, ते पण परत आलं. आता ठेवून घेतो.